नव्या घराचा विमा कसा निवडावा?

वाडीच्या उत्पन्नातून शिल्लक टाकून आणि उरलेल्या रकमेचे कर्ज काढून पहिले पक्के घर बांधणारी पुष्कळ कुटुंबे आमच्या माणिकपुरात व आसपासच्या गावांत आहेत. विटा व सिमेंट दहा ठिकाणी पारखून घेणारा गृहस्थ विम्याच्या कागदावर मात्र न वाचताच सही करून मोकळा होतो. यास्तव या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

संकटाचे भय काल्पनिक नव्हे. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसरात पाणी तुंबून रेल्वेदेखील बंद पडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. त्या अनुभवावरून सांगतो की, सरकारी मदत हा तात्पुरता आधार होय. घर पुन्हा उभारण्याचा खर्च त्यातून निघत नाही.

विमा नियामक संस्थेने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचा एकाच मसुद्याचा घरविमा सुरू केला. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे इत्यादी आपत्ती त्यात येतात. मूळ अटी समान असल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे हप्ते ताडून पाहणे सोपे झाले आहे.

पहिला प्रश्न रकमेचा. विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. सबब खरेदीखतावरील किंमत येथे उपयोगी नाही. घराचे चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, असा हिशेब करावा. उदाहरणार्थ, ९०० चौरस फूट व दर २,००० रुपये धरल्यास रक्कम १८ लाख होते. घरसामानास इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांहून अधिक नाही, इतके संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे येथे ३ लाख ६० हजार. दागिन्यांकरिता मात्र निराळी तरतूद मागून घ्यावी लागते. रोकड, दस्तऐवज व वाहने यांत येत नाहीत, आणि विक्रीकरिता साठविलेला माल म्हणजे घरसामान नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. बँकेमार्फत झालेला विमा कर्जाच्या रकमेपुरताच असू शकतो. वरील घरावर १० लाखांचे कर्ज असून विमाही तितकाच असेल, तर घर पूर्ण पडल्यास ८ लाखांची तूट मालकाच्या माथी येते. शिवाय कर्जदाराच्या जीवाचा विमा निराळा व घराचा निराळा. आपल्या हाती कोणता कागद आहे हे अवश्य पाहावे.

तिसरी गोष्ट आमच्या भागास सर्वांत महत्त्वाची. इकडे पुष्कळ घरे सखल जमिनीवर भराव घालून उभी राहतात. पुराने झालेली हानी विम्यात येते; परंतु नवे बांधकाम बसताना पडणाऱ्या स्वाभाविक भेगा, भरावाची जमीन खचणे आणि सदोष बांधकाम वा हलके साहित्य यांमुळे होणारे नुकसान विम्यातून वगळलेले आहे. पैसे वाचविण्याकरिता भराव नीट न दाबता जो पाया घालतो, त्याच्या भिंतीस पुढे तडे गेल्यास कोणतीही कंपनी ते भरून देणार नाही. जोत्याची उंची, भरावाची दाबणी व पाण्याचा निचरा यांवरील खर्च मालकानेच आरंभी केला पाहिजे.

अर्जात खरी माहिती भरावी. बांधकामाच्या पावत्या, मंजूर नकाशा, सामानाची यादी व छायाचित्रे यांची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे ठेवावी. नुकसान होताच कंपनीस विनाविलंब लेखी कळवावे, आणि पाहणी होईपर्यंत मोडतोड झालेल्या वस्तू टाकून देऊ नयेत. कंपनीने तक्रारीची दाद एका महिन्यात न घेतल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य अर्ज करता येतो.

विम्याचा कागद घरात असेल त्यांनी तो आज सायंकाळी काढून रक्कम, मुदत व वगळलेल्या बाबी या तीन गोष्टी वाचाव्यात. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी तो करून घ्यावा, अशी आमची आपल्या बंधूंस आग्रहाची विनंती आहे.