ताई, अशा कामाला पैसे मिळतात का?



जून २०२० मध्ये आमच्या लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी अपशकुन. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला होता, असे त्यांनी सांगितले. ही बातमी वाचून आंध जमातीतल्या एका मुलीने मला फोन केला. ती तेव्हा नुकतीच बारावी विज्ञानात गेली होती आणि आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात होते. तिने विचारले, "ताई, बाटलीतले पाणी तपासत बसायचे, अशा कामाला पैसे मिळतात का?"

मी ईशज्ञानाची पदविका घेतलेली बाई. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. उत्तर असे आहे की होय, मिळतात, आणि आपल्या मुलांसाठी मिळतात. जे मी शिकले ते या अंकात आपल्यापुढे ठेवते, कारण आपल्या मंडळ्यांतही अशी मुले आहेत.

आधी तीन शब्द वेगळे करू. शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्याच्या खर्चाला मदत. अधिछात्रवृत्ती, म्हणजेच फेलोशिप, ही संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारी रक्कम. ती दान नाही, पूर्णवेळ कामाचा मोबदला आहे. पुरस्कार येतो तो काम झाल्यावर. गावातले लोक तिन्हींना 'स्कॉलरशिप' म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

पहिली पायरी बी.एस्सी.ची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. दुसरी पायरी एम.एस्सी.ची. आयआयटीमध्ये एम.एस्सी. करायची तर जॅम ही परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत होते, पण अर्ज आदल्या वर्षीच भरायचा असतो. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने निवडलेल्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचे उत्पन्न सहा लाखांच्या आत असले, तर उच्च शिक्षणासाठी वेगळी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे.

तिसरी पायरी संशोधनाची, आणि फेलोशिप इथे येते. मुख्य वाटा दोन आहेत.

पहिली वाट सीएसआयआर–यूजीसी नेट परीक्षेची. रसायनविज्ञान हा तिच्या पाच विषयांपैकी एक. पेपर तीन तासांचा, दोनशे गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. प्रश्न इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नाहीत. पहिला भाग रसायनशास्त्राचा नसतो, साध्या गणिताचा आणि तर्काचा असतो. मुले नेमकी त्याचीच तयारी करत नाहीत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला एम.एस्सी.ला ५० टक्के पुरतात, वयातही पाच वर्षांची सूट आहे. गुणवत्ता यादीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये. कामाचा आढावा चांगला झाला तर पुढे ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. शिवाय घरभाडे भत्ता, आणि पुस्तके-साहित्यासाठी वर्षाला २०,००० वेगळे. एकूण मुदत पाच वर्षे.

दुसरी वाट आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीची. दरवर्षी देशभरात ७५० नव्या जागा असतात. तिला नेटची अट नाही. पीएच.डी.ला पूर्णवेळ नोंदणी हवी आणि निवड पदव्युत्तर गुणांवर होते. जो मुलगा नेटला दोनदा अडखळला आहे, त्याच्यासाठीही दार उघडे आहे. परदेशी शिकायचे तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला २० जागा आहेत. त्यांतल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी राखीव आहेत.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाचा अर्ज मी स्वतः बसून भरून घेतला. त्याच्या जातीच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने लिहिले होते आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने. वेलांटीचा आणि एका अक्षराचा फरक. त्याने मला ते दाखवले होते. मी म्हणाले, "चालेल रे, एवढे कोण बघतो?" बघणाऱ्याने बघितले. अर्ज परत आला, दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली, आणि घरच्यांना आणखी एक वर्ष थांबणे परवडले नाही. आज तो एका कारखान्यात पाळी करतो. तो मला कधीच बोलला नाही. पण उपासनेनंतर भेटला की मला ती वेलांटी आठवते.

म्हणून माझे सांगणे असे की फेलोशिपची तयारी एम.एस्सी.ला सुरू होत नाही, ती अकरावीला सुरू होते. आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते या चारही ठिकाणी नाव अक्षरश: एक आहे का, ते तेव्हाच पाहा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज विज्ञान शाखेतली मुले बारावीच्या आत महाविद्यालयामार्फत करू शकतात. समितीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या, महसुलाच्या नोंदी लागतात आणि त्या शोधायला महिने जातात.

आपल्या मंडळ्यांत एक भीती मी नेहमी ऐकते. बाप्तिस्मा झाला, आता दाखला जाईल का? अनुसूचित जमातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट नाही. मात्र जमातीशी आपले नाते कागदांनी दाखवावे लागते. म्हणून काही लपवू नका, आणि जुन्या नोंदी जपा.

या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी कमला सोहोनी यांचे नाव घेते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत आणि अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला. पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर स्त्रियांना नीरेने फायदा होतो, हे त्यांनी दाखवले. त्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एका विद्यार्थिनीला मिळालेला आधार असा फिरून आदिवासी घरापर्यंत आला. आता त्या घरातली मुलगी स्वतः प्रयोगशाळेत उभी राहू शकते.

मंडळी काय करू शकते? तीन गोष्टी. एक, प्रत्येक मंडळीत एका शिकलेल्या व्यक्तीने या परीक्षांच्या तारखांची वही ठेवावी. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अधिकृत जाहिरात पाहूनच लिहाव्यात. दोन, परीक्षा केंद्र दूर असते. प्रवासभाडे आणि एका रात्रीचा मुक्काम कोणा विश्वासी घराने द्यावा. तीन, आणि ही सर्वांत मोठी गरज. फेलोशिप मंजूर झाली तरी पहिला हप्ता हाती यायला कित्येक महिने लागू शकतात. खोलीचे भाडे आणि खानावळ मात्र पहिल्याच महिन्यापासून द्यावी लागते. मुले अनेकदा इथेच परत फिरतात. आपल्या देणगीतून आम्ही अशा मुलांना तेवढ्या महिन्यांपुरते पैसे बिनव्याजी उसने देतो. हप्ता आला की ते परत करतात आणि तेच पैसे पुढच्या मुलाला जातात.

फोन करणारी ती मुलगी आता एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे नाव चारही कागदांवर एकसारखे आहे. ते मी स्वतः तीनदा तपासले. ती यंदा नेट देणार आहे. पहिल्या भागाची गणिते ती रोज रात्री सोडवते आणि चुकलेली मला पाठवते, जणू मला ती येतातच! तिच्यासाठी, आणि कारखान्यात पाळी करणाऱ्या त्या भावासाठीही प्रार्थना करा. त्याचे एम.एस्सी.चे गुण चांगले आहेत आणि आता त्याचे सगळे कागदही दुरुस्त झाले आहेत. पुढच्या महिन्यात मी त्याच्या घरी जाणार आहे, अर्जाची वही घेऊन.

प्रभूच्या सेवेत आपली,
लोणार येथील कार्यकर्ती