वडिलांची हत्यारे भंगारात घालण्यापूर्वी

घरातील कर्ता माणूस जातो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पाहुणे परततात आणि दोन-चार महिन्यांनी घर आवरायला काढले जाते. वडील सुतारकाम करीत असतील तर खाटेखालून किंवा माळ्यावरून त्यांची हत्यारांची पेटी निघते. खोली लहान, माणसे जास्त. मुलगा नोकरीला, नातू कॉलेजात. आता रंधा कोण मारणार? मग दारावरच्या भंगारवाल्याला पेटी देऊन टाकली जाते. चांगल्या पोलादाचे पाते आणि गंजका खिळा, त्याच्या काट्यावर दोन्हींचा भाव एकच!

आपल्या अनेक घरांत ही हत्यारे पिढीजात आलेली नाहीत. गावगाड्यात सुतारकी एका जातीला बांधलेली होती. शहरात आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी ती कारखान्यात शिकले, कोणी ठेकेदाराच्या हाताखाली. मुंबईत माटुंग्याचा रेल्वे डब्यांचा कारखाना १९१५ सालचा. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून पोलादी डबे येऊ लागले. त्याआधी डब्यांच्या बांधणीत लाकूडकाम पुष्कळ असे. कारखान्याची हत्यारे कारखान्यातच राहत. घरच्या पेटीतली हत्यारे बहुधा पोटाला चिमटा घेऊन एकेक करून घेतलेली असतात. म्हणून ती विकायची असली तरी ओळखून विकावीत.

आधी नाव वाचा

जुन्या चादरीवर सगळी हत्यारे मांडा. सँडपेपर किंवा ग्राइंडर लावू नका. गंजाबरोबर नावही जाईल. शिलाई मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी काथ्याने हलके घासा व कोरड्या फडक्याने पुसा. मग उजेडात तिरके धरून पाते, करवतीची मूठ आणि रंध्याचा पुढचा भाग पाहा. लाकडी मुठीवर कोरलेली किंवा डागलेली अक्षरे मालकाची असतात. कामावर हत्यारांची अदलाबदल होऊ नये म्हणून कारागीर ती घालीत. तीही जपा.

पात्यावर 'शेफील्ड' असेल तर ते पोलादासाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधील शहर. मार्पल्स, वॉर्ड, सोर्बी या नावांच्या पटाश्या तिथल्याच. 'कास्ट स्टील' हा शिक्का पाहून ते बीड आहे असे समजू नका. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाचे ते नाव आहे. १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने ही रीत बसवली. असे पाते बहुधा जुने आणि धार टिकवणारे असते. काही जुन्या पात्यांच्या धारेच्या उतारावर दोन थर दिसतात : मऊ लोखंड आणि त्याला जोडलेली कडक पोलादाची पट्टी.

लोखंडी रंध्यावर स्टॅन्ले किंवा रेकॉर्ड हे नाव पुष्कळदा आढळते. स्टॅन्ले ही अमेरिकेतील कंपनी. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिचे रंधे शेफील्डलाही होऊ लागले. रेकॉर्डचे रंधे १९३१ पासूनचे. त्यांच्या नंबराआधी शून्य असते, जसे ०४, ०५. चार नंबरचा रंधा सुमारे पावणेदहा इंच लांब, पाच नंबरचा चौदा इंच. हे रंधे फार मोठ्या संख्येने विकले गेले, म्हणून ते दुर्मीळ नाहीत. पण नीट असतील तर आजही काम देतात, आणि तीच त्यांची किंमत.

मग दोष पाहा

लोखंडी रंध्याच्या तोंडाजवळ बिडाला तडा गेला असेल तर किंमत फारच उतरते. पटाशीची सपाट बाजू पाहा. धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर बारीक धार लागत नाही. पाते घासून घासून किती उरले तेही पाहा. करवत थोडी वाकवून सोडा, ती सरळ झाली पाहिजे. मूठ तुटली असेल तर काळजी नको, ती नवी बसते. लाकडी रंध्याचा ठोकळा झिजला असला तरी त्याचे पाते चांगले असू शकते. ते निराळे पारखा.

भाव कसा काढावा

एक भाव वजनाचा, तो सर्वांत कमी. दुसरा कामाचा. हार्डवेअरच्या दुकानात त्याच प्रतीच्या नव्या हत्याराची किंमत विचारा. मग काम करणाऱ्या दोन सुतारांना वेगवेगळे गाठून, ते किती देतील ते विचारा. तिसरा भाव शौकिनांचा, तो फक्त दुर्मीळ वस्तूला मिळतो. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या वस्तूंचे भाव ऐकायला मिळतात. पण दुकानदार सांगतो तो त्याचा विक्रीचा भाव, तुम्हाला त्याहून कमी मिळणार हे धरून चला. रंध्याचे पाते, पाचर, स्क्रू वेगळे करून विकू नका. अपुऱ्या हत्याराला गिऱ्हाईक नसते.

वाटणीत बहिणीला विसरू नका

१९५६चा हिंदू वारसा कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील गेले तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर ती, यांचा सारखा हिस्सा असतो. हत्यारेही मालमत्ताच. पेटी विकण्याआधी आईला आणि बहिणींना विचारा. एखादीला रंधा नको असेल, पण वडिलांचा गुण्या किंवा हातोडी हवी असेल.

आई हयात आहे, वडिलांचे सोबती हयात आहेत, तोवर कोणते हत्यार कधी घेतले आणि त्यावर कोणते काम झाले ते विचारून वहीत लिहा. दोन-तीन हत्यारे तेल लावून घरी ठेवा. बाकीची, आयटीआयत सुतारकाम शिकणारा एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी ओळखीत असेल तर, वाजवी भावात त्याला द्या. नव्या संचाचा खर्च त्याला झेपत नसतो. भंगाराच्या दोन पैशांपेक्षा ते केव्हाही चांगले.