रानातील मुलांचा उन्हाळा

परीक्षा आटोपल्या म्हणजे पुण्यामुंबईच्या व नागपूरच्या महाविद्यालयांतील पुष्कळ तरुण-तरुणींच्या मनात एक सदिच्छा जागी होते. मे महिन्याचे पंधरा दिवस दूरच्या एखाद्या खेड्यात जावे, तेथील मुलांसाठी शिबिर भरवावे, गाणी-गोष्टी सांगाव्यात, थोडे लिहावाचावयास लावावे, असे त्यांस वाटते. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचे नाव अशा वेळी हटकून पुढे येते. इच्छा चांगलीच आहे. तिची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु निघण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारून घ्यावा. ज्या मुलांची सुट्टी भरून काढावयास आपण निघालो आहोत, ती मुळात रिकामी आहे काय?

उन्हाळी शिबिराची कल्पना आपणांकडे आली ती पश्चिमेकडून. स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक शहरी वाल्टर बिऑन नावाचे एक धर्मोपदेशक होते. दाट वस्तीत वाढणारी गरिबांची फिकट मुले पाहून १८७६ साली त्यांनी त्यांतील काहींस आपेंत्सेलच्या डोंगराळ मुलखात सुट्टीसाठी नेले. मोकळी हवा, पोटभर दूध, धावावयास गवत, एवढाच तो उपचार होता. तेव्हा हे औषध मूळचे ज्यास रान नाही अशा मुलासाठी काढलेले. आपण ते रानातच राहणाऱ्या मुलास पाजावयास नेतो, ही गोष्ट ध्यानी ठेवलेली बरी.

याच जिल्ह्यातील प्रसिद्ध छावणीचा रोखही शहराकडेच होता. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती ऐन मे महिन्यात. तेथे जाणारा विद्यार्थी खेड्यास काही शिकवावयास जात नसे. कुदळ-फावडे हाती घेऊन स्वतः काही शिकावयास जाई. स्वयंसेवक या शब्दाचा हा अर्थ मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आता त्या मुलांचा उन्हाळा कसा असतो ते पाहू. मार्च लागला की मोह फुलतो. त्याची मांसल, पिवळसर-पांढरी फुले रात्री व पहाटे गळतात, आणि ऊन चढण्यापूर्वी, गुरांनी व हरणांनी खाण्यापूर्वी ती वेचावी लागतात. म्हणून आपली मुले कूस बदलून पुन्हा झोपी जातात त्या वेळी तेथील मूल टोपली घेऊन मोहाखाली वाकलेले असते. फुले अंगणात वाळवून काही घरी खावयास ठेवतात, काही विकतात. शहरात मोह म्हटले की दारूच आठवते. तेथे ते अन्न आहे.

मोह सरतो न सरतो तो तेंदू येतो. मे महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे हा साऱ्या वर्षातील रोकड मिळकतीचा मोठा हंगाम. अंधारातच घरची माणसे रानात शिरतात, कोवळी, निर्दोष पाने तोडतात, दुपारपर्यंत गाठोडी घेऊन परततात आणि मग सावलीत बसून सारे कुटुंब पुडे बांधावयास लागते. महाराष्ट्रात एका पुड्यात सत्तर पाने धरतात. लहान बोटे या कामी चपळ, म्हणून मुलेही बसतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यावयाचे. मृगापूर्वी हाती येणाऱ्या याच पैशातून बियाणे, उधारी, वह्या-पुस्तके यांची तोंडमिळवणी होते. पाऊस किंवा गारपीट मध्येच आली की हंगाम बुडाला.

हे काम जिवावरचेही आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्याच्या रानात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्या गावी असा प्रसंग घडतो त्या गावची मुले शिबिरात येऊन बसली, तरी त्यांचे कान रानाच्या वाटेकडेच लागलेले असणार. स्वयंसेवकास ते न कळले, तर मुले अन्यमनस्क आहेत असा शेरा तो आपल्या टिपणवहीत लिहून मोकळा होईल.

मुलांनी असेच राबत राहावे, असे माझे म्हणणे नव्हे. परंतु मेच्या पहिल्या आठवड्यात शिबिर लावावयाचे, आणि मुले आली नाहीत म्हणून ‘पालकांस शिक्षणाची आस्था नाही’ असा निष्कर्ष काढावयाचा, हा अन्याय आहे. या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रात एक उत्तम उदाहरण आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांस व अनुताई वाघ यांस आढळले की वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या चरणीवर नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. मुलाचे काम न मोडता त्या कामाच्या फटीत शिक्षण कसे बसवावे, हे ज्यास शिकावयाचे आहे त्याने त्यांचे प्रयोग अवश्य अभ्यासावे.

गडचिरोलीतही निराळे घडले नाही. १९८२ साली चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग तेथे कार्यास गेले. दवाखाना बांधण्यापूर्वी त्यांनी लोकांस विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीचे भय वाटते, तो आमच्या गावासारखा असावा, नातलगांस रोग्याजवळ राहता यावे, असे लोकांनी सांगितले. शोधग्राम त्याप्रमाणे उभे राहिले आणि दवाखान्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. दवाखान्याचे जे, तेच दहा दिवसांच्या शिबिराचे.

यापुढची गोष्ट भाषेची. भामरागडच्या बाजूस, जेथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या मिळतात, तेथील घरांत माडिया बोलली जाते. ती गोंडीची बहीण, आणि गोंडी ही मराठीच्या कुळातली नव्हे, द्रविड कुळातली. गोंडीत दोन, तीन, चार यांस रंड, मूंड, नालुंग म्हणतात. तेलुगूतील रेंडु, मूडु, नालुगु यांशी ताडून पाहा म्हणजे नाते कळेल. तेव्हा मराठीतील गोष्ट लहान मूल डोळे विस्फारून ऐकते ते ती समजल्यामुळेच असे नाही. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे गेले, तेव्हा त्यांनाही आधी ही भाषा शिकावी लागली. आश्रमशाळा निघाली ती १९७६ साली. स्वयंसेवकाने तीन वर्षे थांबावे असे कोण म्हणेल? पण जोहार करावा, पाण्यास ‘येर’ म्हणतात एवढे ठाऊक असावे, आणि गावातील एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी दुभाषी म्हणून नव्हे, तर शिबिराची मुख्य शिक्षिका म्हणून बरोबर घ्यावी.

मग शिकवावयाचे काय? मला विचाराल तर हिशेब. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने. आज घरातून किती गेले, फळीवर किती मांडले गेले, दर काय ठरला, हे जी मुलगी वहीत लिहू शकते तिच्या घरास कमी मोजण्याची धास्ती उरत नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्यानंतर २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे अनेक ग्रामसभा आपला माल आपणच विकू लागल्या. अशा ठिकाणी लिहिता येणारे, बेरीज जमणारे मूल गावाच्या कारभारात उद्या लागणारच आहे. दुसरे, मुलांकडून ऐकावे. झाडांची, पाखरांची, कंदांची नावे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावी, आपण देवनागरीत लिहावी, चित्रे त्यांनी काढावी. अशी एक हस्तलिखित पोथी शाळेत राहिली तर जूनमध्ये शिक्षकास तिचा उपयोग होतो. फुगे, टोप्या, बक्षिसे यांवर खर्च करू नये. जुने कपडे तर नेऊच नयेत.

प्रकृतीविषयी थोडे. चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. विदर्भातील शाळा इतर महाराष्ट्राहून उशिरा उघडतात त्या याचसाठी. म्हणून खेळ सकाळी साडेसातच्या आत, नाहीतर सूर्य कलल्यावर. या भागात सिकलसेल नामक रक्तदोष पुष्कळ मुलांत असतो. शरीरातील पाणी आटले किंवा अतिश्रम झाले की अशा मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक शिरांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. धावण्याच्या शर्यतीत मागे राहणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी हे आठवावे. घागर भरलेली ठेवावी आणि दर तासाला सर्वांस पाणी पाजावे. हिवतापाचा जोर महाराष्ट्रात सर्वांत अधिक याच गडचिरोलीत, तेव्हा मच्छरदाणी स्वतःची न्यावी.

जाण्याचा विचार ठरला असेल तर पत्रव्यवहार एप्रिलमध्ये नव्हे, जानेवारीतच करावा. मोह सुरू झाल्यावर सभेस कोणी बसत नाही. गावाच्या शिक्षकामार्फत ग्रामसभेस विचारावे, शिबिराची तारीख तिनेच नेमावी, आणि ती आपल्या सोयीची नसली तर त्या वर्षी जाऊ नये. गाव जी तारीख देते ती बहुधा मेअखेरची असते. तेंदूची फळी उठल्यापासून पहिला पाऊस पडून पेरणीची घाई सुरू होईपर्यंत जे आठ-दहा दिवस हाती लागतात, तेवढेच त्या मुलांचे मोकळे असतात.