विमानाचा आराखडा जहाज काढतं

लेखमाला : यंत्राच्या पोटात (भाग ९)

आपल्या जवळा बाजार गावातून समुद्र गाठायचा तर निम्मा महाराष्ट्र ओलांडून सह्याद्री उतरावा लागतो. तरी आजचा विषय समुद्रावरचा, कारण गोव्याला जाऊन येणारे आपल्याकडेही पुष्कळ. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बीचच्या घाईत बरेच जण ते टाळतात. तिथे एक छोटंसं जुनं जेट उभं आहे : सी हॉक.

त्याच्या शेपटीकडे जा. जेट म्हटलं की मागे इंजिनाचं भलंमोठं तोंड असणार, अशी आपली समजूत. इथे मागचं टोक निमुळतं आणि चक्क बंद! गरम वायू बाहेर पडतो तो दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या दोन तोंडांतून. ही करामत हॉकर कंपनीच्या सिडनी कॅम यांची. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन जाडजूड. ते मध्ये बसवलं तर शेपटीपर्यंत लांब नळी न्यावी लागली असती, आणि नळी जितकी लांब तितका जोर वाया. कॅम यांनी नळीला दोन फाटे फोडून ती पंखांजवळच संपवली. मागची जागा मोकळी झाली, तिथे इंधनाची टाकी बसली. पुढेही टाकी, मागेही टाकी, त्यामुळे तोल आपोआप सांभाळला गेला. १९४७ साली पहिला नमुना उडाला. पुढे हॉकर कंपनी हंटर या विमानाच्या कामात गुंतली आणि बहुतेक सी हॉक आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने बांधले.

बाकीचं जहाजाने ठरवलं, कारण सी हॉक विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडायचं. लिफ्टमध्ये मावायचं म्हणून पंख वर दुमडतात. उडताना वाफेचा कॅटापल्ट विमानाला पुढे फेकतो, म्हणून सांगाडा ताण सोसणारा. उतरताना शेपटीखालचा हुक डेकवरची वायर पकडतो. प्रवासी विमान सेकंदाला ३ मीटरने खाली येऊन टेकलं तरी चालेल, असं धरून त्याची चाकं बनवतात. डेकवरच्या विमानाला साधारण त्याच्या दुप्पट धक्का सोसावा लागतो. पाय भक्कम केले की वजन वाढतं, वजन वाढलं की वायरवरचा ताण वाढतो. या कामात वजनाइतका हट्टी शत्रू दुसरा नाही. अमेरिकेच्या एड हाइनमन यांनी स्कायहॉक हे डेकवरचं विमान करताना नौदलाने दिलेल्या वजनमर्यादेच्या जवळपास निम्म्यात काम भागवलं. त्याचे पंख इतके आखूड की दुमडण्याची गरजच उरली नाही. माझ्या मते या जातीच्या विमानांत त्याहून चोख आखणी झालेली नाही.

आपल्याकडे १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट रा. ह. ताहिलियानी (पुढे नौदलप्रमुख) यांनी विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. १९७१च्या युद्धात विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता. त्यामुळे जहाज मंद, म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी, आणि तो वाराच तर विमानाला उचलायला मदत करतो. तरीही ४ डिसेंबरला ३०० स्क्वॉड्रनचे, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’चे, सी हॉक उडाले. त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाव इथे हल्ले केले. अवजड विमानांना त्या दिवशी हे जमलं असतं, असं मला वाटत नाही. १९८३मध्ये सी हॅरियर आली आणि सी हॉकचा काळ संपला.

पुढे तोच वजनाचा प्रश्न तेजस या लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीला नडला. वजन जास्त म्हणून २०१६ साली नौदलाने ती नाकारली. पण प्रयोग थांबले नाहीत. गोव्यातच, नौदलाच्या हंसा तळावर जमिनीवर बांधलेल्या चाचणी-डेकवर ती २०१९मध्ये वायर पकडून थांबली आणि ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरली. तिथे कॅटापल्ट नाही, पुढे उंच चढत गेलेला डेक आहे. तो चढ विमानाला कसा उडवतो, ते पुढच्या आठवड्यात. तोवर कुणी गोव्याला निघालं असेल, तर संग्रहालयात डोकावा आणि आधी सी हॉकच्या पंखांची मुळं बघा.