फाइल बदलली, हे प्रोग्रॅमला कळतं कसं?

आमच्या प्रयोगशाळेतली उपकरणं रात्रभर मोजमापं घेतात आणि संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये त्यांच्या फाइली साठत जातात. नवी फाइल आली की ती वाचून आलेख काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एका सकाळी पाहिलं, तर फाइली जास्त आणि आलेख कमी! काही फाइली प्रोग्रॅमला दिसल्याच नव्हत्या. असं का व्हावं?

फोल्डरमधला बदल ओळखण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली हजेरीची. प्रोग्रॅम ठरावीक वेळाने प्रत्येक फाइलचं नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांची यादी करतो व आधीच्या यादीशी ताडून पाहतो. पद्धत सोपी, पण फाइली लाखभर असतील तर बराच वेळ हजेरीतच जातो. दोन हजेऱ्यांच्या मधे एखादी फाइल येऊन गेली, तर पत्ताच लागत नाही. शिवाय पेनड्राइव्हवर आढळणाऱ्या 'फॅट-३२' पद्धतीत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते. त्याच टप्प्यात, आकार तोच ठेवून पुन्हा बदल झाला, तर यादीत काहीच फरक दिसत नाही.

दुसरी पद्धत फाटकावरच्या शिपायाची. फाइलीत काहीही लिहायचं तर ते ऑपरेटिंग सिस्टिममार्फतच लिहावं लागतं. मग तिलाच सांगून ठेवायचं, 'या फोल्डरमध्ये काही घडलं की मला कळव.' लिनक्समध्ये हे काम करणारी 'आयनोटिफाय' ही सोय २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत आली. विंडोजमध्येही अशी सोय आहे.

पण शिपायालाही मर्यादा असतात. तो एकाच फोल्डरच्या फाटकावर उभा असतो. लिनक्समध्ये आतल्या प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा शिपाई नेमावा लागतो. 'फाइल आली' असं तो सांगतो, तेव्हा ती अर्धवटच लिहिलेली असू शकते; म्हणून 'लिहून बंद केली' या नोंदीची वाट पाहावी. आणि त्याची वही कधीतरी भरते. लिनक्समध्ये न वाचलेल्या नोंदी सहसा १६,३८४ पर्यंतच मावतात. पुढच्या गळतात आणि शेवटी 'वही भरली' एवढी एक नोंद उरते.

माझी चूक इथेच होती. उपकरणं एकाच वेळी अनेक फाइलींत ओळीओळीने लिहीत होती, नोंदींचा पाऊस पडत होता आणि माझा प्रोग्रॅम आलेख काढण्यात गुंतला होता. 'वही भरली' या नोंदीचं काय करायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आता ती नोंद दिसली की तो सगळ्या फोल्डरची हजेरी घेतो. सुरू होतानाही घेतो, कारण तो बंद असताना जे घडलं ते शिपाई सांगू शकत नाही. थोडक्यात, शिपायामुळे बदल चटकन कळतो. पण काही सुटलं नाही ना, याची खात्री हजेरीनेच होते.

शाळेतल्या संगणकावर एकच फोल्डर दोन खिडक्यांत उघडा आणि एकीत नवी फाइल तयार करा. दुसरीत ती आपोआप दिसते का? मुलांना विचारा, हा निरोप कुणी दिला असेल?