स्वमग्न मूल आणि नवे अनुभव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

"एकदा गर्दीत नेऊन सोडा, सवय होईल."

हा सल्ला देणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. पाण्यात ढकलल्यावर पोहायला शिकलेली माणसे गावोगाव आहेत. पण स्वमग्न मुलाची अडचण नुसत्या भीतीची नसते. आठवडी बाजारातला भोंगा, सुक्या मासळीचा वास, अंगाला घासणारी माणसे हे सारे त्याच्यावर एकदमच येऊन आदळू शकते. संवेदनांचे हे वेगळेपण २०१३ पासून निदानाच्या अमेरिकी निकषांतही नोंदलेले आहे. असह्य झाले की मूल कान दाबते, किंचाळते, लोळण घेते. त्यातून सवय होत नाही. बाजार म्हणजे संकट, एवढेच मनात बसते. म्हणून दुकाने मांडली जात असतानाच, गर्दीआधी जावे. आदल्या दिवशी त्या जागेचे फोटो मोबाइलवर दाखवावेत. पहिल्या खेपेला कडेच्या एकाच दुकानातून केळी घेऊन परतावे. मुलाने कान झाकले तर लगेच निघावे. ठरवलेला वेळ पुरा करण्याचा हट्ट मोठ्यांनी धरू नये.

"त्याला ठरलेलेच आवडते, मग नवे दाखवूच नये."

यात माया आहे आणि निरीक्षणही अचूक आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हाच सगळे जसेच्या तसे राहावे हा मुलांचा आग्रह त्यांनी टिपला होता. नवे टाळले की घरही शांत राहते, त्यामुळे समजूत पक्की होते. मात्र टाळत गेलेली गोष्ट पुढे अधिकच अवघड वाटू लागते. ओळखीच्या गोष्टीशेजारी नवे ठेवावे: तोच भात, तीच ताटली, बाजूला घासभर नवी भाजी. खाल्लीच पाहिजे अशी अट नको. मुलाने नुसता वास घेतला तरी त्या दिवसापुरते पुरे.

"जंगलात नेले की मूल आपोआप शांत होते."

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत ही समजूत सहज रुजते. २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरलेले ‘वनवैभव’ जंगल गावापासून दूर नाही, आणि तिथल्या उंच सागाखाली मोठ्यांना बरे वाटते. काही स्वमग्न मुलांनाही वाटते. काहींना मात्र पायाखालचा पाचोळा, चेहऱ्याला चिकटणारे कोळ्याचे जाळे किंवा झाडावरच्या किड्यांची अखंड किरकिर सोसत नाही. शिवाय अनेक स्वमग्न मुले न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. नदी-नाल्याजवळ हात सोडू नये.

"तज्ज्ञ शहरात, इथे काही होणे नाही."

आलापल्लीहून जिल्ह्याचे ठिकाणच शंभरेक किलोमीटरवर असताना असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विशेषज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी पालकांना शिकवले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. ही चाचणी संवादाविषयी होती, बाजाराविषयी नव्हे; तरी मुलाच्या कलाने घेणे घरच्यांना शिकता येते, हे तिने दाखवले. निदानासाठी मात्र डॉक्टरांकडे जावेच लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि दिव्यांगांसाठीच्या योजनांकरिता लागणारे प्रमाणपत्र निदानानंतरच मिळते.