ओढ्यापलीकडची पेटी

मे २००० च्या आरंभीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि ३ मे रोजीं डेव्ह उल्मर यांनीं ऑरेगॉन राज्यांत बीव्हरक्रीकजवळ एक पेटी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. इतरांनीं ती शोधावी व आंतल्या वहींत नांव लिहावें, हाच जीओकॅशिंगचा खेळ.

त्या भागांत पाऊस मुख्यतः हिंवाळ्यांत पडतो. तेव्हां मंडळी घेऊन निघणारानें ध्यानांत ठेवावें कीं, यंत्र पेटीचें सरळ अंतर सांगतें. मधला ओढा किती चढला आहे, हें सांगत नाहीं. थंड पाणी तितक्याच थंड हवेच्या सुमारें २५ पट वेगानें शरीराची ऊब हिरावून घेतें.

म्हणून प्रथम नकाशावर पूल शोधावा. तो नसल्यास रुंद, उथळ जागा निवडावी. अरुंद जागीं पाणी खोल व वेगवान असतें. पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडावे, बूट पायांतच ठेवावे. कोरडे लोकरी मोजे बरोबर असावे. डिसेंबरांत तेथें साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. परततांनाही ओढा उजेडांतच ओलांडला पाहिजे.

परंतु खरी तयारी घरींच होते. पाणी गुडघ्यावर असल्यास परतावें, हें सर्वांनीं निघण्यापूर्वींच ठरवावें. आणि गुडघा धरावा तो सर्वांत ठेंगण्या गड्याचा! पेटी शंभर पावलांवर आली म्हणजे ‘नको’ म्हणण्याचें धैर्य कोणासच होत नाहीं. पेटी काय, उन्हाळ्यांतही सांपडेल.